व्ही८ इंजिनावर ऑइल कूलर आणि पॉवर स्टिअरिंग कूलर: पाणी आधी कुठे न्यायचं?

किनारा_५७
बोटीचं इंजिन मर्क्रूझर ५.७ लिटर व्ही८, अल्फा वन ड्राइव्ह (बोटीच्या मागे पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा भाग), हीट एक्स्चेंजर नाही, समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून. बोट मांडव्याला. पॉवर स्टिअरिंगचा कूलर गळतोय, तो बदलताना इंजिन ऑइल कूलरही नव्याने घालायचा आहे. पाण्याचा मुख्य होज सव्वा इंची आहे, पण हाताशी असलेल्या ऑइल कूलरची पाण्याची तोंडं पाऊण इंची. रिड्यूसर (मोठ्या होजला लहान तोंड जोडणारा जोड) लावून चालेल का? आधी कुठला कूलर? आणि स्टिअरिंगचा कूलर प्रेशर लाइनवर की रिटर्नवर?

खालची_तळी
रिटर्नवरच. पंपाकडून स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या लाइनमध्ये १००० पीएसआयच्या वर दाब जातो, तो कूलर त्यासाठी बनवलेलाच नसतो. व्हॉल्व्हमधून परत पंपाकडे येणाऱ्या तीन सूत (३/८ इंच) होजमध्ये घाला. होज पॉवर स्टिअरिंग रिटर्नचाच घ्या, साधा पेट्रोलचा नको, गरम ऑइलने तो मऊ पडतो.

रिड्यूसर अजिबात नको. पाऊण इंचाचं क्षेत्रफळ सव्वा इंचाच्या जेमतेम एक तृतीयांश भरतं. अल्फाचा पंप खाली ड्राइव्हमध्ये, अख्ख्या इंजिनाचं पाणी त्याच एका होजमधून येतं; तिथेच गळा आवळलात तर फुल थ्रॉटलला इंजिन तापणार. सव्वा इंची तोंडाचा कूलर घ्या.

क्रम: ड्राइव्हकडून आलेलं पाणी आधी स्टिअरिंग कूलर, मग ऑइल कूलर, मग थर्मोस्टॅट हाउसिंग (इंजिनावरचा भाग, जिथून पाणी ब्लॉककडे वाटलं जातं). स्टिअरिंगला सगळ्यात थंड पाणी मिळायला हवं.

पाना_बारा
दोन्ही कूलर हाउसिंगच्या आधी, हे बरोबर. पण थंड पाण्याचं कारण पटत नाही. मिनिटाला ६० लिटर पाणी वाहत असेल तर १ किलोवॅट उष्णतेने ते पाव अंशाने तापतं. ऑइल कूलरने १५ किलोवॅट टाकले तरी फार तर साडेतीन-चार अंश. स्टिअरिंगला त्याने काही फरक पडत नाही. होज जसे सरळ जातील तसे बसवा, कोपर आणि जोड कमी.

खरा मुद्दा कचऱ्याचा. ड्राइव्हमधला इंपेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) तुटला की पात्यांचे तुकडे पहिल्या कूलरच्या तोंडावर अडकतात, आणि इंपेलर बदलूनही इंजिन तापतच राहतं. म्हणून पहिला कूलर असा बसवा की त्याचा होज दोन क्लिपा सैल करून हातात येईल. मुंबईच्या गाळाच्या पाण्यात तर हे हवंच.

खालची_तळी
आकडे मान्य. पण जुना स्टिअरिंग कूलर पहिलाच असेल तर जागा बदलायची खटपट कशाला?

किनारा_५७
ठीक, सव्वा इंचीच घेतो. ऑइलच्या बाजूला काय लावू?

पाना_बारा
ब्लॉकवर अ‍ॅडॅप्टर, तिथून रिमोट फिल्टर, फिल्टरनंतर कूलर, कूलरमधून परत ब्लॉक. होज आतून किमान अर्धा इंच, शक्यतो ५/८. टोकं क्रिम्प केलेलीच (यंत्राने दाबून बसवलेली). क्लिपवरचा होज थंड इंजिन सुरू करताना दाबाने निसटू शकतो, आणि मग सगळं ऑइल बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी). ८० अंशांच्या आसपास उघडणारा ऑइल थर्मोस्टॅटही घाला. ऑइल कायम थंड राहिलं तर त्यातला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही.

कूलरची ऑइलची तोंडं वर ठेवा, हवा अडकत नाही. पाण्याच्या होजला प्रत्येक टोकाला ३१६ स्टीलच्या दोन क्लिपा.

पहिल्यांदा इग्निशन बंद ठेवून प्रेशर येईपर्यंत क्रँक करा, सलग पंधरा सेकंदांहून जास्त नाही, नाहीतर स्टार्टर जळेल. थोडा वेळ चालवून बंद करा, डिपस्टिक बघून ऑइल भरा. स्टिअरिंगची हवा काढायला इंजिन बंद असताना चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, टाकीतली पातळी राखत. फेस आला तर पंपाच्या सक्शनकडून हवा शिरतेय.

खालची_तळी
एक लक्षण माहीत असू द्या. ऑइल कूलरची नळी आतून फुटली तर इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून ऑइल बाहेर जातं आणि एक्झॉस्टमागे तवंग दिसतो. इंजिन बंद केल्यावर उलटं: कूलर पाण्याच्या पातळीखाली असेल तर समुद्राचं पाणी ऑइलमध्ये. त्यामुळे डिपस्टिक सकाळी, सुरू करण्याआधी बघा. दुधाळ दिसली तर क्रँकसुद्धा करू नका.