खटला सुरू असताना 'नराधम' छापलं, तर अवमान होतो का?

तालुका_वार्ताहर:
तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. एका खुनाच्या खटल्यात गेल्या महिन्यात दोषारोपपत्र दाखल झालं, साक्षी अजून व्हायच्यात. मी साधं लिहिलं होतं, 'आरोपीला न्यायालयात हजर केले'. डेस्कने मथळा दिला, 'नराधमाने दिली खुनाची कबुली'. वर मोठा फोटो, खाली माझं नाव. आज कोर्टाच्या आवारात आरोपीच्या वकिलांनी गाठलं, म्हणाले, "कंटेम्प्ट लावतो तुला." खरंच लागतो का, की नुसता दम आहे?

निवृत्त_शिरस्तेदार:
दम आहे, पण अगदीच पोकळ नाही. 1971 च्या अवमान कायद्यात दोषारोपपत्र आलं की फौजदारी खटला प्रलंबित धरतात. 'मला ठाऊक नव्हतं' हा बचाव तुम्हाला नाही. दोषारोपपत्राची बातमी तुम्हीच दिली असणार! शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनापासून माफी मागितली तर सोडतातही. मात्र वकीलसाहेबांना परस्पर काही लावता येत नाही. प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आणि त्यासाठी महाधिवक्त्यांची, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलांची, लेखी संमती लागते. सत्र न्यायाधीशांनी स्वतःहून वर कळवलं तर गोष्ट वेगळी.

मला राग आहे तो त्या 'कबुली'चा. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, हे कोर्टातल्या शिपायालाही माहीत असतं. पेपरात मात्र ती ठळक टायपात. (आमच्या ऑफिसातही चहाबरोबर हेच वाचलं जायचं, मी काही सोवळा नाही.)

बाकावरचा_वकील:
पण काका, न्यायाधीश काय पेपर वाचून निकाल देतात? दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य नागरिकांची ज्यूरी कधीच गेली.

निवृत्त_शिरस्तेदार:
ज्यूरीचं म्हणाल तर 1959 चा नानावटी खटला आठवा, नौदल अधिकाऱ्यावरचा खुनाचा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली आणि मुंबईतल्या ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली. न्यायाधीश डळमळत नाहीत, मान्य. साक्षीदाराचं काय? माझ्यासमोर एका दरोड्याच्या खटल्यात साक्षीदाराने बोट दाखवून आरोपी ओळखला. उलटतपासात एकच प्रश्न आला: "ओळख परेडच्या (रांगेत उभ्या केलेल्यांतून आरोपी ओळखायच्या) आधी फोटो पेपरात पाहिला होता?" "हो साहेब, पानपट्टीवर." संपली परेड. कदाचित खरा दरोडेखोरच सुटला असेल.

सुशांतसिंह राजपूत प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये नेमकं हेच सांगितलंय: ओळख पटेल असे फोटो नकोत, पोलिसांपुढची कबुली पुरावा असल्यासारखी दाखवू नका, दोषी कोण ते आधीच ठरवू नका. तपास चालू असतानाही.

जुना_उपसंपादक:
मूळ मजकूर ज्या मेलने पाठवलात तो जपून ठेवा. मथळा डेस्कचा, हे त्यातून दिसेल. आणि खुलासा छापायला सांगा, लेखी सांगा.

तालुका_वार्ताहर:
आभार सगळ्यांचे. मेल सापडला. डेस्कला फोनही केला. ते म्हणाले, पुढच्या बातमीत काळजी घेऊ, 'संशयित नराधम' लिहू.