महिला दिनाचा फलक: ज्यू बायकांच्या तारखा पाहिजेत, आणि ती आगीची गोष्ट खरी का?

परभणीची_मॅडम:
नमस्कार मंडळी. शाळेत 8 मार्चचा फलक दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्याबाई सगळं लिहून झालं, यंदा नववीच्या पोरी म्हणाल्या मॅडम ॲन फ्रँकसारख्या बायांचं लिहा की, म्हणून ज्यू इतिहासातल्या बायकांच्या तारखा गोळा करायलेय. दोन ठिकाणी अडकले. एक, ग्रुपवर मेसेज फिरायलाय की 8 मार्चला न्यूयॉर्कमध्ये कपड्याच्या कारखान्याला आग लागून ज्यू कामगार बायका मेल्या म्हणून महिला दिन पाळतात. खरंय का? दुसरं, ज्यूंच्या बायबलमधल्या एस्तेर राणीचा पुरीम सण एकीकडं 24 मार्च दिसला, दुसरीकडं 14 मार्च. कोणती तारीख लिहू?

जिनिंगवाला_जालना:
मॅडम आग खरीय, तारीख खोटीय. ट्रँगल शर्टवेस्ट कारखाना, 25 मार्च 1911, शनिवार. 146 जण गेले, त्यात 123 बाया-पोरी, बहुतेक ज्यू नाहीतर इटलीहून आलेल्या, सगळ्यात लहान 14 वर्षांच्या. आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांच्या पेटीला आग लागली आणि नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद, का तर पोरी माल चोरतील म्हणून! बंबाची शिडी पोचली सहाव्या मजल्यापर्यंत. मी जिनिंगवर काम करतो, आमच्याकडं एकदा रुईच्या ढिगाला आग लागली होती, विझवायला बादली उचलस्तोवर अर्धा ढीग गेला. दार उघडं होतं म्हणून आम्ही आज हायेत.
महिला दिनाचं वेगळंय. 1910 ला कोपनहेगनला समाजवादी बायकांच्या परिषदेत जर्मन पुढारी क्लारा झेटकिननं मांडलं (ती ज्यू नव्हती, तिचा जोडीदार ज्यू होता, तिलाही फलकावर घुसवू नका), पहिल्यांदा पाळला 19 मार्च 1911 ला, म्हणजे आगीच्या सहाच दिवस आधी. 8 मार्च पक्का झाला तो रशियातल्या बायका 1917 ला रस्त्यावर उतरल्या त्याच्यानंतर.
आणि नुसतं मरण लिहू नका. 22 नोव्हेंबर 1909 ला क्लारा लेमलिच नावाची 23 वर्षांची पोरगी, पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं ऐकून कंटाळली, उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या बोलीत, म्हणाली आता संपच करू. हजारो शिलाई कामगार बाया बाहेर पडल्या. ट्रँगलवाल्यांनी मात्र युनियन मानली नाही. ते मालकही ज्यूच बरं का, म्हणून ही गोष्ट धर्माची कमी आन् कुलपाची जास्त.

लातूरचा_पंचांगी:
पुरीमच्या दोन्ही तारखा बरोबर हायेत, साल वेगळं. 24 मार्च 2024 ची, 14 मार्च 2025 ची. त्यांचं कॅलेंडर आपल्यासारखं चंद्रावर चालतं, अधिक महिना पण असतो, 19 वर्षांत 7 वेळा, फक्त तो कायम अदार महिन्यालाच जोडतात, आपल्यासारखा कधी श्रावण कधी ज्येष्ठ नाही. पुरीम अदारच्या चौदाव्या तिथीला, म्हणून बहुतेक वर्षी आपल्या होळीच्या आसपासच पडतो, जुनी कॅलेंडरं काढून बघा. दिवस पण सूर्यास्ताला सुरू होतो त्यांचा. तुम्ही तारीख लिहूच नका, "होळीच्या सुमारास" लिहा, पोरींना लगेच कळंल.
एस्तेरचं हिब्रू नाव हदस्सा. हेन्रिएटा सोल्डनं 24 फेब्रुवारी 1912 ला बायकांची संघटना काढली, पुरीम जवळच होता, नाव तेच दिलं.

परभणीची_मॅडम:
वा, होळीचं तर डोक्यातच नव्हतं! ॲन फ्रँकचं 12 जून घेतलं, 1929 चा जन्म, आणि 1942 ला त्याच दिवशी तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली. गोल्डा मेयर 17 मार्च 1969 ला इस्राएलच्या पंतप्रधान झाल्या ते लिहावं का? सर म्हणायलेत फलकासमोर राजकारण सुरू होईल.

कोकणातून_बीडला:
सर बरोबर म्हणतेत, त्याच्यापेक्षा 23 मार्च घ्या, 1882 ला एमी नोएथर जन्मली. गणितातलं एवढं मोठं डोकं, पण ज्यू म्हणून 1933 ला नाझींनी विद्यापीठातून काढलं. गणिताचे सर खूष होतील.
पण मला एक कळेना, सगळ्या तारखा बाहेरच्याच का? आपल्या कोकणातले बेने इस्राएल म्हणजे ज्यूच, मराठीच बोलायचे, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस, घाणा बंद म्हणून शनिवार तेली. त्यांच्यातल्याच डॉ. जेरुशा झिराड, लंडनला शिकून आल्या, 1928 ते 1947 मुंबईचं कामा हॉस्पिटल सांभाळलं, 1966 ला पद्मश्री. त्यांना वर लिहा, बाकीच्या खाली.

परभणीची_मॅडम:
लिहिते. आडनाव झिराड का जिराड?

कोकणातून_बीडला:
झिराड. अलिबागजवळ त्या नावाचं गावच आहे, आडनाव तिथलंच. आमच्या नवगावकर, पेणकरांसारखं.