भिंत पाडून केलेलं चर्च

बऱ्याचदा सांगितलं जातं की ख्रिस्ती धर्माला मान्यता देणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या आधी ख्रिस्ती लोक भुयारांत लपूनच प्रार्थना करत. सिनेमात शोभेल असं चित्र आहे, पण सीरियातलं दुरा-युरोपोस हे प्राचीन शहर बघा. तिथं साधारण इ.स. २४० च्या सुमारास एका राहत्या घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा केली होती. सत्तरएक माणसं दाटीवाटीनं मावतील एवढीच. बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, वर ताऱ्यांनी रंगवलेलं छत, भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ! हे घर शहराच्या तटालगत होतं आणि त्याच तटालगत यहुद्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळही होतं. पुढं वेढ्याच्या धास्तीनं रोमन सैन्यानं तट भक्कम करायला या घरांत माती भरली, म्हणून तर रंग टिकले.

आणि हो, बायका नुसत्या श्रोत्या नव्हत्या. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्यानं ज्या दोन ख्रिस्ती दासींना छळून माहिती काढली, त्यांना ख्रिस्ती मंडळीत ‘सेविका’ असं पदनाम होतं.