टाकीच्या पाण्याला वास येतोय

नेने काकू (२०३): कालपासून पाण्याला मातकट, कुबट वास येतोय. उकळलं, तरी आमटीत उतरलाच. आणखी कोणाकडे?

संदीप (१०१): आमच्याकडेही. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) दुप्पट टाका ना, जाईल.

माधवीताई (३०४): संदीप, थांब. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते. मातकट वास म्हणजे बहुतेक जिओस्मिन नावाचं द्रव्य. मे महिन्यात धरण तळाला जातं, कडक उन्हात नीलहरित शेवाळ वाढतं, त्यातून ते पाण्यात येतं. लिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळतं. पहिल्या पावसात मातीला येतो ना, तो वासही त्याचाच. एवढ्याने अपाय नाही. पण टीसीएलने तो जायचा नाही, वर क्लोरीनचा वास मात्र चढेल. फिल्टरमधली कार्बनची कांडी तो धरते, ती वेळेवर बदललेली असली तर.

आधी वास कुठून येतो ते बघा. एका ग्लासात गेटजवळच्या थेट नळाचं पाणी, दुसऱ्यात वरच्या टाकीचं. सिंकपासून लांब नेऊन हुंगा, मोरीचा वासही पाण्याचाच वाटतो.

संदीप (१०१): बघितलं. थेट नळाला अगदी थोडा, टाकीच्या पाण्याला खूप. टाकीचं झाकण सरकलंय, आत ऊन जातंय. कडेला हिरवं बुळबुळीत.

बाबलकाका (४०१): आमच्या गावाक वाडीतले सगळे जमान दरवर्षी बाव उपसत. आपली टाकी कधी धुतली होती?

सेक्रेटरी: गणपतीच्या आधी. चूक माझी, लक्ष द्यायला हवं होतं.

संदीप (१०१): तोवर बोअरचं पाणी प्यायचं का?

माधवीताई (३०४): नको रे. खाडी जवळ, उन्हाळ्यात ते मचूळ होतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं आहे. बोअर धुण्याभांड्यांना ठेवा.

सेक्रेटरी: शनिवारी सकाळी ८ ला टाकी रिकामी करतो. संध्याकाळपर्यंतचं पाणी भरून ठेवा. झाकणही नवीन बसवतो.

माधवीताई (३०४): टाकी भरल्यावर ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, मी करते. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. आणि काकू, साठवायला फिल्टरचं पाणी भरू नका. कार्बन क्लोरीनही काढून घेतं, मग ते पाणी लवकर बिघडतं. साधं नळाचं झाकून ठेवा आणि लागेल तेवढंच गाळा.

नेने काकू (२०३): बरं झालं सांगितलंस, कालच दोन कळश्या फिल्टरच्या भरल्या होत्या. झाडांना घालते.