सोलच्या जागतिक युवा दिनाला गट घेऊन जायचे आहे: तयारी कशी करावी?

प्रश्न

आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) काही युवक-युवती ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियात सोल येथे होणाऱ्या जागतिक युवा दिनाला, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याला, जाऊ इच्छितात आणि गटाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. परमगुरू (पोप) लिओ चौदावे यांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये रोममध्ये जमलेल्या तरुणांसमोर ३ ते ८ ऑगस्ट या तारखा जाहीर केल्या, तेव्हापासून मुलांचा उत्साह वाढतच आहे. पालकांच्या मनात मात्र दोन शंका आहेत. प्रार्थना तर आपल्या चर्चमध्येही होते, मग एवढा खर्च करून परदेशी कशासाठी जायचे, ही पहिली. आणि लाखोंच्या गर्दीत आमची मुले सुरक्षित राहतील का, ही दुसरी. माझी स्वतःची काळजी याहून वेगळी आहे. ही यात्रा आहे, सहल नव्हे, हे मुलांच्या मनात आधीपासून कसे रुजवावे? ज्यांनी अशा मेळाव्यांना गट नेले आहेत किंवा जे स्वतः गेले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (धर्मप्रांतीय युवा समन्वयक)

सर्वप्रथम एक गोष्ट ठरवून टाका: गट धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या) युवा विभागामार्फतच न्यावा, स्वतंत्रपणे नव्हे. मेळाव्याची नोंदणी झाली म्हणजे व्हिसा मिळाला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी आयोजक समिती करते, व्हिसाचा निर्णय त्या देशाचे दूतावास घेते, आणि तरुण, अविवाहित, नुकतीच नोकरी लागलेला किंवा अजून शिकत असलेला अर्जदार परत येईल की नाही, याची शंका दूतावासाला नेहमीच असते. बिशपांच्या कार्यालयाचे पत्र, शाळा-महाविद्यालयाचे किंवा नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र आणि गटप्रमुखाची लेखी हमी यांना म्हणूनच महत्त्व आहे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी दोन्ही पालकांची संमती लेखी घ्यावी.

औषधांबाबत दक्षिण कोरियाचे नियम कडक आहेत. गुंगी आणणाऱ्या किंवा मानसोपचारात दिल्या जाणाऱ्या काही औषधांना तेथे पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे ज्या मुलांना अशी औषधे नियमित घ्यावी लागतात त्यांच्या पालकांशी आधीच एकांतात बोलून घ्या. ही विचारणा सर्वांसमोर होऊ नये. विमा आणि निवास नोंदणीच्या कोणत्या प्रकारात समाविष्ट आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. निवास बहुधा शाळा, सभागृहे किंवा स्थानिक कुटुंबांच्या घरी असतो. हॉटेलची अपेक्षा ठेवून कोणी येत असेल, तर त्याला आताच स्पष्ट सांगणे त्याच्यासाठीही हिताचे आहे.

खर्चाविषयी माझे मत असे की, ज्याला परवडते त्याने भरावे आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी गटाने वर्षभर निधी उभारावा. नोंदणी करताना गरीब देशांतील तरुणांसाठी असलेल्या मदतनिधीला हातभार लावण्याची पद्धतही या मेळाव्यांत आहे; मुलांना तिची माहिती द्या.

प्रतिसाद २ (पूर्वी सहभागी झालेली एक श्रद्धावंत)

पालकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या मेळाव्यांच्या इतिहासातच सापडते. १९८४ मध्ये परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी तरुणांच्या हाती एक साधा लाकडी क्रूस सोपवला आणि तो जगभर न्यायला सांगितले. तोच क्रूस आजही देशोदेशी फिरतो. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी रोममध्ये तो कोरियन तरुणांकडे सुपूर्द झाला. १९८७ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे रोमबाहेरचा पहिला मेळावा भरला. १९९५ मध्ये मनिलात समारोपाच्या मिस्साला (पवित्र उपासनाविधीला) इतका जनसागर लोटला की रस्ते भरून गेल्याने परमगुरूंना हेलिकॉप्टरने यावे लागले. त्यानंतर आशियाला हा मान थेट आता, सोलच्या रूपाने मिळत आहे.

तरीही माझ्या दृष्टीने संख्येपेक्षा शनिवारच्या रात्रीचे महत्त्व अधिक आहे. मंगळवारी उद्घाटनाची मिस्सा, पुढे परमगुरूंचे स्वागत, शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणारी प्रार्थना), शनिवारी जागरण आणि रविवारी समारोपाची मिस्सा, असा या मेळाव्यांचा साधारण क्रम असतो. शनिवारी सर्वजण सामान पाठीवर घेऊन मैलोन्मैल चालत मैदानावर पोहोचतात, पवित्र साक्रामेंताची (ज्या पवित्र भाकरीत ख्रिस्त उपस्थित असल्याचे आम्ही मानतो तिची) आराधना करतात आणि तेथेच उघड्यावर झोपतात. माद्रिदला २०११ मध्ये जागरणाच्या वेळी वादळी पाऊस कोसळला, तरी परमगुरू बेनेडिक्ट सोळावे जागचे हलले नाहीत, आणि पाऊस ओसरल्यावर त्या अफाट समुदायाने मौनात आराधना केली. शेजारी गुडघे टेकलेल्या मुलाची भाषा आपल्याला येत नसते, पण तो कोणापुढे नतमस्तक झाला आहे हे आपण जाणतो. आपल्या धर्मग्रामात आपण विश्वास शिकतो. तो आपल्यापुरता नाही, हे त्या मैदानावर अंगावर येते. घरी राहून हे कळणार नाही असे मी म्हणत नाही. पण जो मुलगा महाविद्यालयात श्रद्धावंत म्हणून एकटा पडलेला असतो, त्याला पुढे अनेक वर्षे या एका रात्रीचा आधार पुरतो, हे मी जवळून पाहिले आहे.

सहल होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी किमान सहा महिने गटाने महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावे. या वेळच्या बोधवाक्यापासून आरंभ करा: ‘धीर धरा, मी जगाला जिंकले आहे’ (योहान १६:३३).

प्रतिसाद ३ (धर्मशिक्षण देणारे एक शिक्षक)

वरील प्रतिसादाला जोडून एक आग्रहाची विनंती करतो. कोरियन चर्चचा इतिहास मुलांना शिकवूनच त्यांना घेऊन जा. तेथे ख्रिस्ती विश्वास प्रथम कोणा परदेशी धर्मगुरूने नेला नाही. अठराव्या शतकात काही विद्वानांनी चीनमधून आलेले ग्रंथ वाचले, आपापसांत चर्चा केली, आणि १७८४ मध्ये त्यांच्यापैकी यी सुंग-हुन यांनी बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन मायदेशी परतल्यावर इतरांना बाप्तिस्मा दिला. पहिले धर्मगुरू तेथे पोहोचले त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. पुढे शतकभर छळ झाला. पहिले कोरियन धर्मगुरू अँड्र्यू किम देगॉन यांना १८४६ मध्ये हान नदीच्या वाळवंटात ठार करण्यात आले, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या गटातील मोठ्या मुलांच्याच वयाचे.

१९८४ मध्ये सोल येथेच १०३ हुतात्म्यांना संतपद देण्यात आले आणि २०१४ मध्ये परमगुरू फ्रान्सिस यांनी आणखी १२४ जणांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. सोसोमुन या वधस्थळी त्या १०३ पैकी ४४ जणांनी प्राण दिले. आज तेथे तीर्थस्थान आणि संग्रहालय आहे. मोकळा अर्धा दिवस मिळाला तर बाजारपेठेऐवजी सोसोमुन आणि हान नदीकाठचे जोलदुसान हे हुतात्म्यांचे स्थळ, ही दोन ठिकाणे निवडा. ज्यांच्या भूमीत आपण पाहुणे म्हणून जाणार, त्यांच्या पूर्वजांनी काय सोसले हे ठाऊक असलेली मुले तेथे सहलीला आल्यासारखी वागणार नाहीत, याची मला खात्री आहे.

प्रतिसाद ४ (पूर्वीचे स्वयंसेवक)

पालकांची गर्दीविषयीची भीती अनाठायी नाही. सोलमध्येच २०२२ च्या ऑक्टोबरात इतेवॉनच्या एका अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन १५९ जणांचा मृत्यू झाला. म्हणून गटाची चार-पाच जणांच्या उपगटांत विभागणी करा आणि प्रत्येक उपगटाने परस्परांना नजरेआड होऊ देऊ नये. मैदानावर पोहोचताच भेटण्याची खूण ठरवा, कारण इतक्या गर्दीत मोबाईलचे नेटवर्क अनेकदा मिळत नाही. समारोपानंतर लगेच बाहेर पडण्याची घाई करू नका. गर्दी ओसरेपर्यंत जागेवरच बसून रोझरीची प्रार्थना करा. ऑगस्टच्या सुरुवातीला सोलमध्ये दमट उकाडा असतो आणि पारा सहज तिशीपार जातो, तेव्हा पाणी, टोपी आणि हलका रेनकोट प्रत्येकाच्या पाठीवर हवाच.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोसोमुनविषयी मला काहीच माहिती नव्हती. पुढच्या बैठकीचा विषय तोच ठेवीन. एक शंका उरते. गटातील एखाद्याचाच व्हिसा नाकारला गेला, तर काय करावे?

प्रतिसाद १ (धर्मप्रांतीय युवा समन्वयक)

हा निर्णय अर्ज करण्यापूर्वीच, सर्वांच्या संमतीने घ्या. आमच्याकडे असे ठरलेले असते की बाकीचे जातील, मागे राहिलेल्याच्या पैशांपैकी जे परत मिळत नाहीत त्यांची भरपाई गटाच्या निधीतून होईल, आणि त्याच आठवड्यात तो धर्मग्रामातील तरुणांना जमवून सोलमधील जागरणाचे प्रक्षेपण पाहत प्रार्थना चालवील. विमानाची तिकिटेही शक्यतो व्हिसा हाती आल्यावरच पक्की करा.