डार्विन म्हणे ‘घरबसल्या’ मोठा झाला!

दगडफूल

परवापासून एक पोस्ट तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्यावर येऊन आदळली. सारांश असा: ‘डार्विन बड्या बापाचा लेक. चाळीस वर्षं घरात बसून पत्रं खरडली. जंगलात घाम गाळला तो वॉलेसने. त्याचं पत्र हाती पडताच डार्विनने ते दाबून ठेवलं, कल्पना उचलली आणि पुस्तक काढून मोकळा झाला.’ (वॉलेस म्हणजे नैसर्गिक निवडीची, उत्क्रांती कशी घडते याची तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचलेला दुसरा इंग्रज निसर्गअभ्यासक. पत्रात तोच लेख होता.) तिसऱ्यांदा आली तेव्हा राहवेना, म्हणून हा धागा.

‘पत्रं खरडली’ याच शब्दांनी डोकं फिरलं. त्या माणसाचा दिवस तरी बघा. न्याहारीआधी एक फेरी, आठ ते साडेनऊ काम, मग टपाल, साडेदहापासून बारापर्यंत पुन्हा काम, मग सँडवॉक या घराजवळच्या पायवाटेवर चकरा. जेवण आणि पेपर उरकला की शेकोटीजवळच्या खुर्चीत बसून पत्रांची उत्तरं. येड्या माणसांनाही उत्तर जायचं. त्रास देणाऱ्यांसाठी एक छापील मजकूर करून ठेवला होता, पण तो वापरायचा धीर त्याला जवळजवळ कधीच झाला नाही. रात्री बायकोबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव, त्याचाही हिशेब: १८७६ मध्ये एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला कळवतो की एमा २४९० डाव जिंकली आणि मी, हुर्रे, २७९५! आणि हे सगळं पोट, ओकाऱ्या, चक्कर सांभाळून. मधली आठ वर्षं (१८४६ ते १८५४) नुसत्या बार्नकलवर (खडकांना, बोटींच्या तळांना चिकटणारे कवचवाले समुद्री जीव) गेली. माझ्याइतका बार्नकलचा द्वेष आजवर कुणी केला नसेल, असं वैतागून फॉक्स या नात्यातल्या मित्राला लिहिलंय.

पत्र म्हणजे त्याचं अर्धं फील्डवर्क होतं हो. कबुतरं पाळणारे, माळी, मिशनरी, कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतला ब्लिथ, ब्राझीलमधला फ्रिट्झ म्युलर, न्यू जर्सीत किडे खाणाऱ्या वनस्पतींवर नजर ठेवणाऱ्या मेरी ट्रीट. पत्रव्यवहारातली माणसं दोनेक हजार, हाती लागलेली पत्रं पंधरा हजारांच्या घरात. केंब्रिजने १९७४ मध्ये ती संपादित करायला घेतली, तिसावा, शेवटचा खंड निघायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. भावना चेहऱ्यावर कशा दिसतात याची प्रश्नावली त्याने १८६७ मध्ये छापून घेतली. त्या प्रश्नांपायी आपल्या नगर जिल्ह्यात राहणारा अर्स्किन नावाचा इंग्रजही लोकांचे चेहरे न्याहाळत होता!

राहिली चोरी. १८४४ चा लांबलचक निबंध तयार, आणि मी मेलो तर ४०० पौंड खर्चून छापवून घे असं बायकोला पत्र. सप्टेंबर १८५७ मध्ये एसा ग्रेला सगळा सिद्धांत थोडक्यात कळवलेला. वॉलेसचं पाकीट आलं १८ जून १८५८ ला. चोरीच्या चौदा वर्षं आधीच मुद्देमाल घरात असलेला चोर कुणी बघितलाय का?

खवचट खार

वकीलपत्र घेतलेलं दिसतंय. अशिलाने फी दिली का?

‘चोरी’ हा शब्द बाजूला ठेवू. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, निसर्गअभ्यासकांच्या सभेत, काय झालं ते सांगा की. आधी डार्विनच्या निबंधातला उतारा, मग डार्विनच्याच ग्रेला लिहिलेल्या पत्राचा गोषवारा आणि शेवटी वॉलेसचा लेख. म्हणजे ज्याचा लेख पूर्ण तयार होता तो पंगतीत शेवटी. त्याला विचारलं कुणी? तो होता न्यू गिनीत. भूशास्त्रज्ञ लायेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर या डार्विनच्या दोन मित्रांनी लंडनमध्ये परस्पर निकाल लावला. वॉलेसने लेख छापा म्हटलंच नव्हतं. लायेलना दाखवण्याजोगा वाटला तर दाखवा, एवढंच म्हणणं होतं.

आणि तुमचा तो दिनक्रम! चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या, किडे-पाखरं विकून पोट भरणाऱ्या माणसाचा दिनक्रम मांडा शेजारी. ॲमेझॉनहून परतताना १८५२ मध्ये बोट पेटली, चार वर्षांची मेहनत राख झाली आणि दहा दिवस उघड्या होडीत काढले. तरी दोन वर्षांत मलाय बेटांकडे निघाला. आठ वर्षांत सव्वा लाखावर नमुने. शेकोटीजवळची खुर्ची नव्हती त्याला.

जरा खाजगी सांगते. सह्याद्रीतल्या बेडकांवर चार पावसाळे काढले मी. जळवा, कमरेएवढ्या चिखलात टॉर्च, दोनदा मलेरिया. आमचे गाइड केबिनमधून हलले नाहीत. पेपर आला तेव्हा पहिलं नाव त्यांचं, दुसरं त्यांच्या सहकाऱ्याचं, माझं तिसरं. विचारलं तर म्हणाले, “अगं, आयडिया माझ्या डोक्यात १९९० पासून होती.” तेव्हा तुमचा चौदा वर्षं आधीचा मुद्देमाल मला ऐकवू नका.

सॉर्टर काका

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, ३१ वर्षं काढली, तेव्हा टपालाबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं समजतो. मूळ पोस्टमधल्या ‘दाबून ठेवलं’ला कुणी हातच लावलेला नाही.

तो आरोप एका शिक्क्यावर उभा आहे. वॉलेसने मलाय बेटांतल्या टर्नाटेहून फ्रेडरिक बेट्स या ओळखीच्या माणसाला लिहिलेलं मार्च १८५८ चं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडला पोचल्याचे शिक्के त्यावर आहेत. म्हणून लोक म्हणतात, डार्विनचं पाकीटही त्याच बोटीने आलं असणार आणि त्याने पंधरा दिवस लपवलं. पण ‘असणार’ हा शब्द आमच्या खात्यात चालत नाही! डार्विनचं आधीचं पत्र वॉलेसला मिळालं तेच मार्चच्या बोटीने, आणि हे पाकीट त्या पत्राला उत्तर म्हणून गेलं. ज्या बोटीने पत्र आलं, त्याच बोटीने एवढं उत्तर लिहून रवाना करणं अवघड. ते गेलं पुढच्या महिन्याच्या बोटीने. टर्नाटे, बटाव्हिया, सिंगापूर, गॉल, सुएझ, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया (कालवा व्हायला अजून अकरा वर्षं होती), मग साउदॅम्प्टन. वेळापत्रकं जुळवली की १७-१८ जूनच येतो. २०१२ च्या सुमारास दोन अभ्यासकांनी हे जुळवून दाखवलंय.

बाकी त्या काळी अकरा-बारा आठवड्यांत जगाच्या टोकावरून पत्र यायचं. परवा माझं पार्सल शेजारच्या तालुक्यात नऊ दिवस फिरत होतं. कुरियरवाल्याचा फोन लागत नाही, लागला तर “दोन दाबा”. असो.

खवचट खार

काका, मग ते मूळ पत्र कुठाय? पाकीट कुठाय? पंधरा हजार पत्रं सांभाळणाऱ्या घरातून नेमकं हेच गायब?

दगडफूल

सांभाळलीच नव्हती! मुलगा फ्रान्सिस लिहितो: आलेली पत्रं डार्विन तारेसारख्या सळ्यांत टोचून ठेवायचा. सळ्या भरल्या की काही वर्षांची पत्रं एकदम जाळायचा, का तर सळ्या मोकळ्या व्हाव्यात. १८६२ आधीची आलेली पत्रं जवळजवळ सगळी अशीच गेली. म्हणजे हूकर-लायेल-ग्रे झाडून सगळ्यांची. एकट्या वॉलेसवर राग नव्हता.

ओटीवरचा झोपाळा

अगदी आमच्या घरची तार! ओटीवर खुंटीला टांगलेली, खाली लाकडी चकती, वर आकडा. पोस्टकार्डं, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका सगळं तिच्यात टोचलेलं. तार भरली की आजी ती बंबात घालायची. आजोबांना एका मोठ्या पुढाऱ्याचं पत्र आलं होतं म्हणतात, त्यावर घरादाराने आंघोळ केली.

नगरी मिसळ

माफ करा, पण मघापासून एका वाक्यावर अडकलोय. ‘आपल्या नगर जिल्ह्यात’ म्हणून दगडफूल यांनी केवढ्या कौतुकाने लिहिलंय! पुढचं का नाही सांगितलं? १८७२ च्या पुस्तकात डार्विन म्हणतो की अर्स्किनला खात्रीचं काही हाती लागणं फार कठीण गेलं, कारण इथले लोक युरोपियनांसमोर आपल्या भावना कायम लपवतात.

लपवणारच. भागोजी नाईकांचा उठाव १८५९ मध्ये त्यांना मारून मोडला, तो याच नगर-नाशिक पट्ट्यात. त्याला दहा वर्षं होत नाहीत तोवर साहेब येतो आणि समोरच्याला आश्चर्य वाटलं की डोळे विस्फारतात का ते बघतो! चेहरा दगडासारखा ठेवला ते झकास केलं. मला अभिमान आहे.

दगडफूल

कौतुक नव्हतं, नुसता उल्लेख होता. आणि माहिती मिळाली नाही, का मिळाली नाही, हे त्याने स्वतः छापलंय. दडपलं असतं तर तुम्हाला आज अभिमान कशाचा वाटला असता?

नगरी मिसळ

वा! म्हणजे आता आमच्या पणजोबांनी आभार मानायचे?

ओटीवरचा झोपाळा

यात अभिमान कसला, ती भीती होती. माझे चुलत आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. साहेब फिरतीवर आला की घरी येऊनही हसायचे नाहीत, इतका चेहरा आवळून धरायची सवय झाली होती म्हणे.

नगरी मिसळ

भीती तुमच्याकडे असेल. आमच्याकडे त्याला ‘थांग न लागू देणं’ म्हणतात. आजही कुणी अधिकारी दुष्काळाची पाहणी करायला आला की आमची म्हातारी माणसं अशीच बघतात, ना हसू ना रडू. तो गेला की पारावर जी नक्कल होते ती बघायला या एकदा.

खवचट खार

नगरी, तुम्ही विषय भरकटवलात असं म्हणणार होते, पण तुम्हीच माझं काम केलंत. त्याच परिच्छेदात आणखी काय आहे? अर्स्किनचं नाव आहे. कानड्यातला न्यायाधीश वेस्ट, त्याचंही नाव आहे. आणि ज्यांना विचारून माहिती काढली ते ‘काही हुशार देशी गृहस्थ’. नावं? नाहीत. पत्र ज्याने लिहिलं त्याचं नाव छापलं गेलं, ज्याने सांगितलं त्याचं नाही. दगडफूल यांच्या ‘फील्डवर्क’चं हे असं आहे. पोस्टमनने पोचवलेलं दिसतं, बोलणारा दिसत नाही.

सॉर्टर काका

पोस्टमनचंही नाव कुठे छापलेलं नसतं, ताई.

दगडफूल

अर्स्किनने ती नावं डार्विनला कळवली असतील तर ना! शिवाय हाच नियम लावायचा तर वॉलेसला लावा. सव्वा लाख नमुन्यांतले त्याने स्वतः किती मारले? सारावाकचा अली पाखरं मारून, सोलून, भरून देत होता. संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर नाव कुणाचं आहे?

खवचट खार

वॉलेसने अलीबद्दल लिहिलंय, आत्मचरित्रात त्याचा फोटो छापलाय. तुमच्या डार्विनने एका नगरकराचं आडनाव तरी दिलं का? वाचून या, मग शिकवा. तुम्हाला घराणं दिसलं की वाकायची सवय असावी.

दगडफूल

पातळी सोडू नका. माझे वडील गिरणीत होते, घराण्याचं कौतुक मला सांगू नका. तुमच्या गाइडचा राग तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसावर काढताय, आणि तो निमूट ऐकतोय कारण मेलाय.

२८ जून १८५८ ला त्याचं दीड वर्षांचं पोर स्कार्लेट फीव्हरने गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने कागद हूकरकडे धाडले, तुम्ही बघा म्हणाला. लिनियनच्या बैठकीला तो नव्हताच. त्या माणसाला तुम्ही केबिनमधला गाइड ठरवताय.

खवचट खार

पोर गेलं त्याचं वाईट वाटतं. लायेल-हूकरांचं कुणी गेलं नव्हतं. त्यांना महिनाभर थांबता आलं असतं.

ओटीवरचा झोपाळा

महिनाभर नाही हो. टर्नाटेला पत्र जाऊन उत्तर यायला सहा महिने. काका, बरोबर ना?

सॉर्टर काका

बोट चुकली नाही तर. पण वॉलेस न्यू गिनीत, तिथे टपालच नाही. त्याला कळलं ते टर्नाटेला परतल्यावर. ६ ऑक्टोबर १८५८ ला त्याने आईला लिहिलं की इंग्लंडमधल्या दोन नामवंत निसर्गअभ्यासकांची पत्रं आली, फार आनंद झाला.

खवचट खार

आणि दुसरं काय लिहिणार? मीही आईला फोन करून सांगितलं होतं, “पेपर आला, माझं नाव आहे!” तिसरं आहे हे नाही सांगितलं. आईने पेढे वाटले.

दगडफूल

हे मात्र लागलं. बरं, घ्या: विचारायला हवं होतं. सहा महिने लागले असते तर लागले असते, वीस वर्षं थांबला होताच की. पण वॉलेसने पुढे १८६९ मध्ये पुस्तक डार्विनला अर्पण केलं आणि १८८९ मध्ये, डार्विन जाऊन सात वर्षं झाल्यावर, स्वतःच्या पुस्तकाला ‘डार्विनिझम’ नाव दिलं. मेलेल्या माणसाची भीड कोण धरतं? त्याला अन्याय वाटला नाही, तुम्ही त्याच्या वतीने किती वाटून घेणार?

नगरी मिसळ

आमच्या चेहऱ्याचा विषय अर्धवट राहिला. ‘भीती’ म्हणणाऱ्यांनी शब्द मागे घ्यावा.

ओटीवरचा झोपाळा

अर्धा मागे घेतो.

सॉर्टर काका

एक राहिलंच. वॉलेस म्हातारपणी कडकीत होता. मीडियम, आत्मे यांच्या नादी लागलेला, पृथ्वी गोल असल्याची पैज जिंकूनही वर्षानुवर्षं मनस्ताप. त्याला सरकारी पेन्शन मिळावी म्हणून अर्ज लिहून, सह्या गोळा करून, पंतप्रधान ग्लॅडस्टनपर्यंत पोचवला तो डार्विनने. हूकरने आधी साफ नाही म्हटलं होतं, पुढे त्यालाही वळवलं. १८८१ मध्ये वर्षाला २०० पौंड मंजूर झाले. पुढच्या एप्रिलात डार्विन गेला. पेन्शनच्या कागदांसाठी मी स्वतः अडीच वर्षं चपला झिजवल्यात, म्हणून हे लक्षात राहिलं.

खवचट खार

हे माहीत होतं. मुद्दाम काढलं नव्हतं.

ठीक आहे, तेवढं त्याच्या पदरात घालते. आमच्या सरांकडे पोस्टडॉकसाठी शिफारसपत्र मागितलं होतं, चार ओळींचं. तीनदा मेल केला. अजून येतंय.