मदत हवी आहे : दाराखालचा गंज आणि पोचा, पुट्टी कुठे चालेल आणि ठिगळ कुठे?

वीस वर्षांची हॅचबॅक आहे. इंजिन ठणठणीत, पत्र्याने मात्र मान टाकली आहे. डाव्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेत. त्यातला एक स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर टोक आरपार गेलं. मागच्या चाकाच्या कमानीवरही गंज आहे, पण तिथे पत्रा टणक लागतो. त्याच दाराच्या मधोमध ताटाएवढा उथळ पोचा आहे. रंग फुटलेला नाही, पण वरच्या बाजूला घडी पडल्यासारखी रेघ आहे.

ग्राइंडर, सँडर, हातोडा आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा जड लोखंडी ठोकळा) हाताशी आहे. वेल्डिंग बाहेरून करून घेईन. आधी गंज की आधी पोचा? भोकावर फायबरची जाळी आणि पुट्टी लावून भागेल का? आणि गंज कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) मारून त्यावर थेट प्रायमर चालतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

भोकावर पुट्टी नको. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते आणि तिच्या पाठीला दाराच्या आतलं पाणी लागणारच. काचेच्या रबरामधून पाणी दारात उतरतं, हे गृहीतच धरलेलं असतं. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं मातीने बुजली की पाणी साचतं आणि पत्रा आतून खात सुटतो. तुम्हाला दिसतोय तो गंजाचा शेवटचा टप्पा.

म्हणून आधी दाराचं आतलं पॅनेल काढा आणि खालची दुमड टॉर्च मारून बघा. बाहेरच्या पत्र्याची कडा तिथे आतल्या पत्र्यावर दुमडलेली असते. दुमडीत गंज शिरला असेल तर वरून कितीही घासा, हाती लागत नाही. पूर्ण कडा गेली असेल तर ठिगळाच्या नादी न लागता भंगारातलं चांगलं दार शोधा. दार बिजागऱ्यांचे बोल्ट काढून बदलता येतं, कमान येत नाही.

थोडाच भाग गेला असेल तर टणक पत्रा लागेपर्यंत कापा. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचं घ्या, साधारण ०.७ ते ०.८ मिमी. मिग वेल्डिंगला (यात तार आपोआप पुढे सरकते) ०.६ मिमीची तार, आणि सलग रेघ न ओढता लांब लांब टाके. एक टाका इथे, दुसरा पलीकडच्या टोकाला, मध्ये पत्रा हाताला थंड लागू द्यायचा. सलग ओढलं की पत्रा लहरतो आणि मग तो सरळ करण्यात दिवस जातो. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काच ओल्या जाड कापडाने झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, ते डाग जात नाहीत.

प्रतिसाद २

क्रम : वेल्डिंग, मग पोचा, शेवटी पुट्टी. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा हलतो, म्हणून पोचा आधी काढला तर काम दुप्पट.

पोचा त्या रेघेने धरून ठेवला आहे, मधल्या खोलगट भागाने नाही. डॉली आतून खोल जागी दाबून धरा आणि हातोडा बाहेरून रेघेच्या उंचवट्यावर हलका मारा, डॉलीच्या बाजूला. थेट डॉलीवर मारत राहिलात तर पत्रा ताणला जातो, मग तो दाबला की आत जातो आणि सोडला की टक्कन बाहेर येतो. तो आजार पोच्यापेक्षा वाईट. दारातल्या आडव्या मजबुतीच्या पट्टीमुळे हात पोचत नसेल तर बाहेरून वॉशर वेल्ड करून स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या झटक्याने पत्रा ओढणारं हत्यार) ओढा. पट्टीला टेकू देऊन पत्रा उचकटू नका.

उंचवटे डोळ्यांना फसवतात. पातळ सुती मोजा घालून तळहात फिरवा. पुट्टी ३ मिमीपेक्षा जाड लागत असेल तर अजून ठोकायचं बाकी आहे. पुट्टीसाठी मोकळा पत्रा ८० नंबरच्या सँडपेपरने ओरखडा आणि लगेच भरा.

प्रतिसाद ३

बाकी सगळं मान्य, पण मोकळ्या पत्र्यावर पुट्टी ही नव्या पत्र्याला ठीक. गंजलेल्या गाडीला आधी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, तो सुकला की १८० ने ओरखडून वर पुट्टी. पत्र्याला ओल लागत नाही.

पुट्टीत मिसळायचा हार्डनर (तिला घट्ट करणारा घटक) वजनाने सुमारे २ टक्के. जास्त घातला की लवकर घट्ट होईल, ही समजूत महागात पडते : बारीक छिद्रं पडतात आणि हार्डनरमधलं उरलेलं पेरॉक्साइड पुढे रंगात डाग म्हणून वर येतं. कमी पडला तर पुट्टी चिकट राहून पेपर भरतो. पुट्टी पाण्याने घासू नका, कोरडीच घासा : ८०, मग १८०.

कन्व्हर्टरबद्दल : त्यातलं फॉस्फोरिक आम्ल हे, सुटा गंज काढून झाल्यावर, खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी आहे, पापुद्र्यांवर नाही. त्यावर थेट इपॉक्सी देऊ नका. आम्ल उरलं तर प्रायमर नीट धरत नाही आणि पुढे सोलतो. डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवा, पूर्ण सुकवा, पुन्हा ८० फिरवा. वायर ब्रशवर विसंबू नका, तो गंज चमकवतो.

धागाकर्ता

खूप आभार. दार बदलायचं की ठिगळ, ते पॅनेल काढून ठरवतो. कमान घासून प्रायमर मारून ठेवली आणि रंग नंतर केला तर? आणि दार आतून काय लावायचं?

प्रतिसाद ३

इपॉक्सी असेल तर काही दिवस चालेल, पण पुढचा थर देण्याची मुदत डब्यावर बघा. ती उलटली तर पुन्हा ओरखडावं लागतं. स्प्रे कॅनचा साधा प्रायमर पावसात ठेवलात तर तो सच्छिद्र असल्याने खाली नव्याने गंज धरतो. कमानीची आतली कडाही हाताने चाचपा, चिखल तिथेच अडकतो.

दारात रंग पूर्ण सुकल्यावर पोकळीत फवारायचं मेण, लांब नळीने दुमडीपर्यंत. नंतर तळाची भोकं काडीने मोकळी करा, मेण तीच बुजवतं.

प्रतिसाद २

क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) अर्ध्या दारावर थांबवू नका, कडेपर्यंत न्या. मधली कड पॉलिशनंतरही दिसते. दोन घटकांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, धुळीच्या मास्कने ते अडत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल तर तो थर रंगाच्या बूथवाल्याकडून मारून घ्या. घासण्यापर्यंतचं सगळं घरी होतं.